आजीच्या वह्या, फोटो, आवाज : कामाच्या नोंदी

१२ जानेवारी

काम ठरलं. आजीवर एक पुस्तक करायचं, घरच्यांपुरतं. मोजक्या छापील प्रती, आणि त्यामागे नीट लावलेला संग्रह : फोटो, कॅसेटी, वह्या, पत्रं, फोनमधले आवाज. आई, मावशी आणि मामाने आपापल्याकडचं सगळं काढून द्यायचं, स्कॅनिंग आणि लावालावी माझ्याकडे, पानांची मांडणी मामेबहिणीकडे. मजकूर कोणी लिहायचा ते ठरलं नाही, कारण त्यावरून पहिल्याच बैठकीत वाजलं.

मामा एक पान लिहूनच घेऊन आला होता. त्यात आजी त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू, आयुष्यभर चंदनासारखी झिजलेली वगैरे. मावशीने चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं, कागद परत दिला आणि विचारलं, "हे कोणाबद्दल आहे?" मामा दुखावला. पुढचा अर्धा तास आई दोघांच्या मधे.

मला दोघांचंही पटलं. मामाच्या पानात खोटं काहीच नाही, पण वरचं नाव बदललं तर ते कुठल्याही आजीला चालेल. शेवटी नियम ठरला : विशेषण लिहायचं असेल तर सोबत पुरावा द्यायचा. कागद, फोटो, आवाज, नाहीतर कोणीतरी स्वतः पाहिलेला प्रसंग. मामाचं पान "प्रलंबित" फोल्डरमध्ये.

१५ जानेवारी

फायलींची नावं कशी द्यायची ते आधीच पक्कं केलं, नंतर हजार फायलींची नावं बदलायला कोणी येणार नाही. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे कॉम्प्युटर आपोआप काळाप्रमाणे लावतो.

तारखा माहीत नसलेल्यांचं काय? तारखा कशा लिहायच्या ते ठरवणाऱ्या आयएसओ ८६०१ या मानकाला २०१९ साली जोड मिळाली, त्यात अंदाजी तारखांची सोय आहे : तारीख "साधारण" असेल तर पुढे लाटेसारखी खूण, शंका असेल तर प्रश्नचिन्ह, आणि नुसतं दशक ठाऊक असेल तर वर्षाच्या शेवटच्या आकड्याच्या जागी एक्स. आमच्या घरात सत्तरच्या दशकातले निम्मे फोटो या एक्समध्येच जाणार. विंडोज फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह घेत नाही, त्यामुळे शंकेखोर तारखा तक्त्यात, नाव साधं.

१९ जानेवारी

फोटो सुरू. साधे छापील फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), मूळ प्रत टिफमध्ये, पाठवापाठवीसाठी जेपेग वेगळी. चार बाय सहा इंचाचा फोटो असा केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, पुस्तकाच्या पूर्ण पानाला भरपूर झाले. निगेटिव्हला मात्र हा हिशेब लागू नाही. ३५ मिलिमीटरच्या फिल्मची एक चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर, ६०० वर जेमतेम ८५० पिक्सेल लांबीची. त्यांना तीन-चार हजार डीपीआय लागेल. नंतर बघू.

कृष्णधवल फोटो ठणठणीत. रंगीत मात्र सगळे लालसर पडलेत, आणि मावशीला वाटतं ते उन्हाने. हे अल्बम वर्षानुवर्षं कपाटात अंधारात होते. त्या काळच्या रंगीत कागदावर तीन रंगद्रव्यांचे थर असायचे, त्यातला निळसर थर अंधारातही सगळ्यात आधी विरायचा, मग उरतो लाल. उपाय : मूळ स्कॅनला हात लावायचा नाही, प्रत काढून तिच्यात रंग सुधारायचे.

चिकट पानांचा अल्बम सर्वांत त्रासदायक. डिंकाच्या पट्ट्या पिवळ्या पडून फोटोला धरून बसल्यात. दात साफ करायचा धागा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवला की बहुतेक सुटतात. जे सुटत नाहीत ते पानासकट स्कॅन केले.

मागच्या बाजूही स्कॅन करतोय. जवळजवळ प्रत्येक फोटोच्या मागे आजीचं अक्षर : कोण, कुठल्या इयत्तेत, कोणाचे दात पडलेले. पेन्सिलने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो हे तिला कोणी सांगितलं होतं की फोटो खराब होऊन कळलं होतं, माहीत नाही.

२ फेब्रुवारी

चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर लावलं. मामाचे चेहरे सगळ्यात जास्त (पहिला मुलगा, नवा कॅमेरा). आजोबाही बरेच. आजी यादीत तळाला, एका लांबच्या काकांच्याही खाली, जे फक्त लग्नांना यायचे.

मग हाताने बघत बसलो. ती आहे, पण सॉफ्टवेअरला चेहरा लागतो. बाळाच्या काखेत दोन हात आहेत. चौकटीच्या कडेला एक कोपर आहे. पहिलं पाऊल टाकणाऱ्या मावशीच्या समोर, फोटोच्या खालच्या कडेशी, पुढे केलेले दोन तळवे आहेत. डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा पांढरा डाग, त्यावरून नक्की आजीच. आता "हात" अशी वेगळी खूण केली आहे आणि त्या अंगठ्यावरून शोधतोय.

एकोणिसाव्या शतकात असे फोटो मुद्दाम काढायचे. प्लेटवर चित्र उमटायला काही सेकंद लागत, मूल तेवढा वेळ स्थिर बसेना, म्हणून आईच्या अंगावर कापड टाकून तिला खुर्चीसारखं मागे बसवायचे आणि मूल तिच्या मांडीवर. त्या फोटोंत कापडाचा एक विचित्र उंचवटा दिसतो, तीच आई. आमच्याकडे कापड नव्हतं, एवढाच फरक.

मामेबहीण म्हणते हातांचं एक पूर्ण जोडपान करू. हो.

९ फेब्रुवारी

मावशीने पाठवलेल्या खोक्यात तळाशी एक लांबट, कापडी पाठीची हिशेबाची वही. मला वाटलं घरखर्च. उघडली तर तापाची वही.

एक नमुना, जसाच्या तसा : "धाकटी. रा. ११ — १०२.६. गोळी. १ — १०१.८. २.३० — १०२. पाणी प्यायली. ४ — १००.४, घाम. ५ — झोपली."

धाकटी म्हणजे मावशी. पानामागून पान असंच. मोठी, धाकटी, मुलगा. गोवर, गालगुंड, नुसताच ताप. कोणाला कोणती गोळी दिल्यावर उलटी झाली, कोणाला पट्ट्या ठेवलेल्या चालत नाहीत. कुठेही "काळजी वाटते" वगैरे एक अक्षर नाही.

हे काचेच्या थर्मामीटरचं काम आहे हे विसरून चालणार नाही. त्यात फुग्याच्या वर नळी एका ठिकाणी अगदी अरुंद असते, त्यामुळे चढलेला पारा आपण होऊन खाली येत नाही. प्रत्येक वेळी मनगटाने झटकून उतरवायचा, दिव्याशी नेऊन उतरला का बघायचं, पुसायचं, झोपलेल्या पोराच्या काखेत किंवा जिभेखाली धरून काही मिनिटं तसंच बसायचं, मग पुन्हा दिव्याशी. वरच्या पाच ओळींत चार वेळा हे झालंय, आणि पाचव्यांदा मूल झोपलंय म्हणून तिने केलेलं नाही.

आई म्हणाली, "मला तर आठवतंय ती कायम झोपलेली असायची दुपारी. आम्ही चिडवायचो."

१० फेब्रुवारी

वहीतल्या वेळा तक्त्यात भरल्या. तासांप्रमाणे मांडल्यावर सगळ्यात उंच खांब रात्री अकरा ते पहाटे पाच. दुपारचे खांब नावाला. वही मुलांच्या तापाची, पण वाचायला बसलं की तिच्या जागरणाची होते, आणि त्या रात्रींचा तिने स्वतःसाठी केलेला दुसरा कुठलाच हिशेब घरात नाही.

आता एक मजा. पहिल्या वहीत दशांशानंतरचा आकडा नेहमी सम आहे : दोन, चार, सहा, आठ. कारण फॅरनहाइटच्या काचेच्या थर्मामीटरवर दर ०.२ अंशाला एक रेघ असते. दुसऱ्या वहीत (नातवंडांची, म्हणजे आमची) एका ठिकाणी अचानक ९९.७ येतं आणि त्यानंतर विषम आकडे सुरूच राहतात. त्या दिवशी घरात डिजिटल थर्मामीटर आला. वहीवर साल नव्हतं. आईने लगेच सांगितलं की तो तिने आणला होता, माझ्या धाकट्या भावाच्या जन्मानंतर. दुसऱ्या वहीचं साल लागलं.

पहिल्या वहीत मधे चिकटवलेली मुलांची लसींची कार्डं. आईच्या कार्डावर देवीची लस आहे, माझ्या कार्डावर ती रकान्यातही नाही. देवीचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण १९७७ साली सोमालियात सापडला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने रोग संपल्याचं जाहीर केलं. आईच्या दंडावरचा तो गोल व्रण लहानपणी मी बटण समजून दाबायचो.

आणि एक ओळ. वहीभर शोधूनही अशी एकच मिळाली : "मी. १०१. सकाळी." त्याखाली काही नाही. दुसरी वेळ नाही, गोळी नाही, उतरला की नाही ते नाही. पुढच्याच ओळीत मामाचा खोकला.

मामाला ते पान पाठवलं. त्याचं "त्यागमूर्ती" या ओळीवर मंजूर.

१६ फेब्रुवारी

तीच वही उलटी करून मागच्या बाजूने उघडली तर तिथून दुसरी वही सुरू होते. शब्दकोडी. वर्तमानपत्रातून कापून चिकटवलेली, पेनाने सोडवलेली, खोडाखोड जवळपास नाही. खाली किती मिनिटं लागली ते. आणि बाजूला कोडं रचणाऱ्यासाठी शेरे.

"आडवा ७ चूक. हा शब्द असा लिहीत नाहीत." "उभा १२ फार सोपा, लाज नाही." एका ठिकाणी नुसतं "गाढव."

मावशी फोनवर इतकी हसली की तिला ठसका लागला. मामा गप्प. नंतर म्हणाला, "हे पुस्तकात घालायचं?" घालायचं. ही बाई कोण होती हे मला या शेऱ्यांवरून जेवढं कळलं तेवढं सगळ्या अल्बमांतून कळलं नव्हतं. ती प्रेमळ होती हे सगळे सांगतात. ती खवट होती, स्वतःच्या बुद्धीबद्दल तिला चांगलीच खात्री होती आणि सुमार काम तिला सहन व्हायचं नाही, हे या मागच्या पानांनीच सांगितलं.

दोन्हीकडून लिहिलेली पानं वहीच्या मध्यावर भेटतात. तिथे एक कोरं पान आहे. स्कॅन उलटसुलट दोन क्रमांनी ठेवलेत.

२३ फेब्रुवारी

कॅसेटी. फिलिप्सने ही जात १९६३ साली बाजारात आणली. आमच्याकडे टेपरेकॉर्डर बराच नंतर आला. एकूण खोकंभर, त्यातल्या बहुतेक गाण्यांच्या, त्या बाजूला. कामाची एक : आजीच्या अक्षरात "मुलांचे आवाज". साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस. वरच्या कडेचे दोन्ही छोटे चौकोन तोडलेले, म्हणजे यावर दुसरं काही भरू नये याची तिने सोय केलेली.

तयारी : आतली फेल्टची गादी सुटून आत लोंबत होती, ती बदलली. ही गादी फीत यंत्राच्या डोक्यावर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरते. ती नसेल तर आवाज येतो आणि जातो. एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळली. वाजवल्यावर आवाज कोंदट. म्हणजे ज्या मशीनवर भरली त्याचं डोकं किंचित तिरकं होतं. डोक्याशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवत गेलो आणि एका क्षणी "स" आणि "श" वेगळे ऐकू आले. तिथेच थांबलो. कॉम्प्युटरवर उतरवली ती ९६ किलोहर्ट्झ (सेकंदाला ९६ हजार नमुने), २४ बिटवर, एक बाजू साधारण एक जीबी. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना किमान ४८ सांगते, पण फीत पुन्हा पुन्हा वाजवायची नसते, एकदाच काय ते चांगलं उतरवून घ्यावं.

आत काय? आई, मावशी, मामा पाळीपाळीने कविता म्हणतायत. आजी मधल्या फटींत. "मोठ्याने म्हण." "हात खाली." "परत." खटका. ती यंत्राजवळ बसलेली, त्यामुळे सगळ्यात कमी बोलते आणि सगळ्यात मोठ्याने ऐकू येते. फोटोंच्या बरोबर उलट.

घरगुती टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी यंत्रणा असते. कोणी बोलायचं थांबलं की ती कान टवकारते, आणि खोलीतले बारीक आवाज वर येतात. मावशी चौथ्या ओळीवर अडकते, शांतता पडते, खरखर वाढते, दूर कुठेतरी दार लागतं आणि मग, अगदी जवळून, आजी कुजबुजत ती ओळ सांगते. मावशी ती म्हणते, यंत्रणा लगेच आवाज खाली घेते. ती कुजबुज फितीवर यावी असा आजीचा इरादा नक्की नव्हता.

ते चार सेकंद वेगळे काढून मावशीला पाठवले. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं : "मला ती कविता पाठ होती. मुद्दाम थांबले होते."

१ मार्च

आठवणी नोंदवणं. तिघांना वेगवेगळं बसवलं. एकत्र बसवलं की मामा बोलतो आणि बाकीच्या दोघी त्याला दुरुस्त करतात.

"आजी कशी होती?" हा प्रश्न पूर्ण निकामी. त्याला उत्तर म्हणून मामाचं ते पानच येतं, थोड्या वेगळ्या शब्दांत. "शाळेतून आल्यावर दार कोण उघडायचं? ती तेव्हा काय करत असायची?" याला माणसं डोळे मिटून उत्तर देतात आणि मग थांबत नाहीत.

तिघांनीही आपण होऊन एक प्रसंग सांगितला : आजी घरात नव्हती. आईच्या मते तीन दिवस, आजोबांशी भांडण होऊन बहिणीकडे गेली होती. मामाच्या मते एक दुपार, दवाखान्यात. मावशीच्या मते एक रात्र, आणि सकाळी परत आली तेव्हा तिने कोणाला काही विचारू दिलं नाही. ती घरात असल्याचे हजारो दिवस एकालाही सुटे आठवत नाहीत. नसल्याचा एक लख्ख आठवतो, आणि तोही तिघांना तीन तऱ्हांनी.

यात कोणी खोटं बोलत नाही. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ सालीच मांडलं होतं की माणूस आठवण जशीच्या तशी बाहेर काढत नाही, दर वेळी ती नव्याने रचतो, आणि रचताना स्वतःला पटेल असं वळण देतो. आईला भांडण पटतं, मामाला आजारपण. तापाच्या वहीत त्या सुमाराचं काहीच नाही, त्यामुळे निवाडा अशक्य. तिन्ही हकिकती एकाखाली एक छापायच्या, नावानिशी. मामा आधी नको म्हणाला, मग म्हणाला, "पण माझी पहिली."

९ मार्च

मामाचा उत्साह आता विज्ञानाकडे वळला आहे. त्याने आजीपणाच्या सिद्धांतावर लांबलचक निरोप पाठवला. क्रिस्टन हॉक्स या मानवशास्त्रज्ञ बाई आणि त्यांचे सहकारी टांझानियातल्या हाड्झा लोकांत राहिले, तिथल्या म्हाताऱ्या बायका दिवसभर कंदमुळं खणून नातवंडांना पुरवतात हे त्यांनी मोजलं, आणि त्यावरून असं मांडलं की मुलं होणं थांबल्यावरही बाई इतकी वर्षं जगते त्याचं कारण नातवंडांना होणारा हा उपयोग असावा. किलर व्हेलमध्येही म्हाताऱ्या माद्या असतात, आणि त्या गेल्यावर नातवंडं दगावण्याचा धोका वाढतो असं २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं.

मला हे वाचायला आवडलं. पण पुस्तकात नको, कारण हे सगळ्या आज्यांबद्दल आहे. आमची व्हेल शब्दकोड्यावर "गाढव" लिहायची.

तेवढ्यावर भागलं नाही. आईने एक गोष्ट काढली : मुलीच्या अंडाशयातली सगळी बीजं ती जन्मायच्या आधीच तयार असतात. गर्भ पाच महिन्यांचा असतो तेव्हा साठ-सत्तर लाख, जन्माच्या वेळी दहा-वीस लाख. म्हणजे आई आजीच्या पोटात होती तेव्हा ज्या बीजापासून पुढे मी झालो ते तिथेच होतं. शिवाय पेशीतली मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे बारीक भाग) फक्त आईकडून येतात, त्यामुळे माझ्यातली आजीची. मामाकडेही आजीचीच, पण तो ती पुढे देऊ शकत नाही.

मामेबहीण भडकली. "म्हणजे मी सावत्र?" रात्री तिने शोधून उत्तर आणलं. पुरुषाकडे एकच एक्स गुणसूत्र, ते त्याच्या आईकडून आलेलं. ते तो मुलीला जवळजवळ जसंच्या तसं देतो. म्हणजे तिचं एक अख्खं एक्स आजीचं. माझं एक्स आईकडून आलं, आणि आईकडे एक आजीचं व एक आजोबांच्या आईचं, त्या दोघींची सरमिसळ होऊन मला मिळालं. "तुझ्यात पणजी घुसली आहे," ती म्हणाली. मामाने दोन्ही बाजूंना अंगठा दिला.

हे पुस्तकात जाणार नाही. इथे लिहून ठेवतो, कारण आजी असती तर तिने यात नक्की चूक काढली असती.

१५ मार्च

शेवटच्या वह्या. स्कॅनवर अक्षर मोजता येतं हे आज सुचलं. ६०० डीपीआयवर एक मिलिमीटर म्हणजे साधारण २४ पिक्सेल. पहिल्या तापाच्या वहीत शिरोरेघेपासून अक्षराच्या तळापर्यंत ११८ पिक्सेल, म्हणजे पाच मिलिमीटर. शेवटच्या फोन नंबरांच्या वहीत ४७, दोन मिलिमीटर. आणि ओळीच्या सुरुवातीला त्यातल्या त्यात मोठं, शेवटाला मुंगीएवढं.

जेम्स पार्किन्सनने १८१७ साली ज्या आजाराचं वर्णन केलं त्या आजारात असं होत जातं. मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, हालचाली आखडत्या होतात, आणि कधीकधी हात थरथरायच्या आधी अक्षर बारीक होतं. वहीच्या तारखा पाहिल्या तर अक्षर निदानाच्या आधीच उतरणीला लागलेलं. तेव्हा ती म्हणायची, कागद वाचवतेय.

आवाजाचंही तेच. तिच्या फोनवरून आलेले निरोप सगळ्यांकडून गोळा केले. "पोचलास का?" "कळव." "छत्री ने." कॅसेटवरची बाई आणि ही बाई एकच आहे हे शब्दांवरून कळतं, आवाजावरून नाही. प्रश्न असा की आवाज वाढवायचा का. आई : ऐकू यायला हवं. मावशी : ती शेवटी तशीच बोलायची, आपण जवळ जाऊन ऐकायचो, वाढवलास तर ती खोलीच्या मध्यात येऊन उभी राहिल्यासारखी वाटेल. दोन प्रती ठेवल्या. पुस्तकातल्या क्यूआर कोडला मावशीची जोडली, खाली बारीक टीप : हेडफोन लावा.

२२ मार्च

आजीने बहिणीला लिहिलेली पत्रं बहिणीच्या घरून परत आली, दोरीने बांधलेली. कागद आता आमचे. त्यातला मजकूर मात्र आजीने एकाच माणसासाठी लिहिलेला. आईने वरचं एक उघडलं, अर्ध्यात मिटलं, म्हणाली, "यात मी आहे." पुढे काही बोलली नाही.

निर्णय पाच मिनिटांत : स्कॅन होणार, पुस्तकात येणार नाहीत, फोल्डर बंद, किल्ली तिन्ही भावंडांकडे. कदाचित "ती घरात नव्हती" त्याचं उत्तर याच गठ्ठ्यात आहे. हे मामाच्या लक्षात माझ्याआधी आलं असणार, आणि तरी तो बंद करा म्हणाला.

स्कॅन करताना मी वाचत नाही. पान सरळ आहे का तेवढं बघतो.

३० मार्च

मजकूर झाला. कोणी एकाने लिहिलाच नाही. फोटोंच्या मागचं आजीचं पेन्सिलीतलं लिखाण जशास तसं मथळे म्हणून घेतलं, तिघांच्या हकिकती बोलीभाषेतच ठेवल्या, वहीची पानं मूळ आकारात. मामाच्या पानातली दोन वाक्यं टिकली, दोन्हींच्या समोर पुरावा आहे. तो म्हणतो तीन. तिसऱ्या वाक्यात चंदन आहे.

मावशीने हस्ताक्षराची पानं तपासताना एक बदल सुचवला आणि तो सगळ्यांत चांगला : "मी. १०१. सकाळी." ही ओळ वेगळी मोठी छापायची नाही. ज्या पानावर आहे तिथेच, तेवढ्याच आकारात, मामाच्या खोकल्याच्या वर. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

५ एप्रिल

छपाईला गेलं. संग्रहाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. प्रत्येक फाइलचा शा-२५६ ठसा (फाइलवरून काढलेला आकडा, फाइल जराही बदलली तर तोही बदलतो) काढून यादी केली आहे. वर्षातून एकदा ताडून बघायचं काम माझ्या धाकट्या भावाने घेतलं. निगेटिव्ह अजून बाकी आहेत, त्यांना वेगळा स्कॅनर बघावा लागेल. लालसर फोटोंचे मूळ कागद आम्लमुक्त लिफाफ्यांत, चिकट अल्बम तसाच.

मूळ वस्तूंची वाटणी : कॅसेट आईकडे, फोटो मामाकडे, फोन नंबरांची वही मामेबहिणीने मागितली. तापाच्या पहिल्या वहीवर मामा आणि मावशी दोघांचा हक्क. मामाचं म्हणणं, तो मोठा. मावशीने तक्ता मागवला, तोच जो मी फेब्रुवारीत केला होता, आणि त्यातली नावं मोजून दाखवली : अर्ध्याहून जास्त ताप तिचे आहेत. वही मावशीकडे जाते.